सुस्थितीत परत आलेली पेटी

विश्वात कोणती गोष्ट नेमकी कुठे आहे हे खात्रीनं सांगू शकतील अशी माणसं या पृथ्वीवर फार थोडी असतील, आणि त्यांतलं एक आमच्या नात्यात आहे. ते म्हणजे आमचे साडू. ‘खात्रीनं’ हा शब्द माझा. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तो खोडला असता आणि त्या जागी चूक किती होऊ शकते ते लिहायला लावलं असतं. हुमनाबादच्या त्यांच्या घरी कसं यायचं हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बसस्टँड, पिंपळ, पिठाची गिरणी असं सगळं व्यवस्थित सांगून झाल्यावर ते म्हणाले, "एवढं करूनही तुम्ही शेजारच्या घरात जायची शक्यता हाय, अण्णा." मी शेजारच्याच घरात गेलो. तिथल्या बाईंनी न विचारता चहा टाकला आणि सरांकडचे सगळे पाहुणे आधी आमच्याकडंच येतात, असं सांगितलं. साडूंना हे कळलं तेव्हा वाईट वाटण्याऐवजी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. चूक त्यांनी सांगितली होती तेवढीच झाली होती.

ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि मी तहसील कचेरीत जमीनमोजणीच्या कामाला होतो. म्हणजे मोजायचं काम दोघांचंही. फरक इतकाच की आमच्याकडे बांध हातभर सरकला तर डोकी फुटतात आणि त्यांच्या आकाशात बोटभर चुकलं तर शेकडो तारे इकडचे तिकडे होतात पण एकही जण काठी घेऊन येत नाही. ही आकाशाची मोठीच उणीव आहे असं त्यांचं मत होतं. "लोकं भांडायला येत असते ना अण्णा, तर आमचं शास्त्र लई पुढं गेलं असतं," असं ते म्हणत. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला प्रश्न ‘कुठं?’ असा असे आणि दुसरा ‘कितीनं चुकेल?’ असा. दुखायला लागलं म्हणून डॉक्टरकडे गेले आणि डॉक्टरांनी "पोटात दुखतंय ना?" म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "पोट फार मोठं हाय डॉक्टर, जागा जरा बारीक करू या." डॉक्टरांनी जागा बारीक केली नाही, गोळ्या मोठ्या दिल्या.

त्यांचं लग्न जमलं त्यात माझा थोडा हात होता आणि जवळजवळ मोडलं होतं त्यात तर माझा काहीच दोष नव्हता. आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही दोघे जावई मामी म्हणत असू, त्या मन्नाएखेळ्ळीच्या पुढच्या एका लहान गावात राहायच्या. छप्पन्न सालानंतर त्यांच्या घरानं बुद्धवंदना धरली आणि पंचांग सोडलं. सोडलं म्हणजे अगदी मामींच्या पद्धतीनं सोडलं. ग्रह, दशा, मुहूर्त यांतला एकही शब्द त्या घरात कुणी काढायचा नाही. आणि धाकट्या मुलीला स्थळ आलं ते ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याचं. "इतकी वर्सं झाली हे सगळं सोडून, अन् आता जावईच ताऱ्यातला आणायचा व्हय?" असं त्यांनी मला उभं करून विचारलं. मी सांगितलं की हा मुलगा भविष्य सांगत नाही, नुसता तारे कुठे आहेत ते बघतो. "बघून काय सांगतो मग?" "कुठे आहेत ते." "अन् त्यानं व्हतंय काय?" "काही होत नाही." हे ऐकल्यावर मामींची खात्री पटली की यात धर्माविरुद्ध काही नाही, आणि त्यांनी लग्नाला होकार दिला.

लग्नातच मला त्यांची खरी ओळख झाली. नवरदेव मांडवात बसले होते आणि लोकांकडे, वधूकडे किंवा फोटोवाल्याकडे न बघता एकटक जमिनीकडे बघत होते. बायकांना वाटलं, मुलगा लाजाळू आहे. मी वाकून विचारलं तर म्हणाले, "त्या कोपऱ्यातला, तिसऱ्या खांबावरचा दिवा गेलाय." दिव्याकडे त्यांची पाठ होती. जमिनीवर तोरणाची सावली पडली होती, एकावर एक अशा पुष्कळ सावल्या, आणि त्यांतली एक कमी होती. ज्याचं त्याचं तोंड न बघता सावली बघायची, ही त्यांची सवय नव्हती, व्रत होतं. उन्हात बोलायला उभे राहिले की समोरच्याच्या पायाशी बघून बोलत. यामुळे त्यांच्याविषयी नम्र म्हणून ख्याती झाली. कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांचं उदाहरण इतर प्राध्यापकांना दिलं होतं.

पण ही सगळी सावल्यांची भानगड कशासाठी होती ते सांगायला हवं. आकाशात काही जागा अशा आहेत की जिथून गॅमा किरण येतात. हे किरण विचित्र. आरशावर टाकले तर आरशातून पार जातात, भिंगावर टाकले तर भिंगातून पार जातात, त्यामुळे साधी दुर्बीण त्यांच्यापुढे हात टेकते. ते कुठून आले हे ओळखायचं तर त्यांच्या वाटेत शिसं आडवं धरायचं आणि सावली कुठे पडली ते बघायचं. साडूंनी हे मला पहिल्यांदा सांगितलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात, माझ्या मेहुणीची पिठाची चाळण हातात धरून. चाळणीची अर्धी भोकं त्यांनी भिजवलेल्या कणकेनं बुजवली होती. मेहुणी दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून, हे पहिल्यांदा घडत नसावं असं दिसत होतं. "एकच भोक ठेवलं तर उजेड पुरत न्हाई," साडू सांगत होते. "भोक मोठं केलं तर चित्र पुसट. म्हणून भोकं पुष्कळ पाहिजेत, अण्णा. पण शहाण्यासारखी नकोत. रांगेत असली, तर सावली सरकली काय अन् न सरकली काय, सारखीच दिसायली. वेडीवाकडी असली, तर जराशी सरकली तरी कळतं. किती सरकली त्यावरून दिवा कुठं हाय ते निघतं." "अन् भाकरी कुठून निघायल्या त्या पण सांगा," मेहुणी म्हणाली आणि चाळण घेऊन गेली.

मला ते पटलं. आयुष्यभर मी अशा कचेरीत काम केलं की जिथे रांग हाच परमार्थ होता. ज्याला अव्यवस्थेत काम करावं लागतं असा सरकारमान्य माणूस मी तोवर बघितला नव्हता. चाळणीच्या जागी साडू जी शिशाची जाळी वापरणार होते तिचा नकाशा त्यांच्या भिंतीवर लावलेला असे. दिवाळी अंकातल्या शब्दकोड्याच्या चौकटीसारखा, काळे चौकोन, पांढरे चौकोन, काही मेळ नाही. काळ्याच्या जागी शिशाचा ठोकळा, पांढऱ्याच्या जागी पोकळी. आलेला प्रत्येक पाहुणा त्यात आडवे-उभे शब्द शोधायचा.

सुट्ट्यांत ते हैदराबादला जात. तिथून शास्त्रज्ञ मंडळी प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे आकाशात सोडत, विमानं उडतात त्याच्याही कितीतरी वर, आणि फुग्याखाली यंत्रांच्या पेट्या टांगलेल्या असत. काम झालं की पेटी छत्रीला लटकून खाली यायची. वारा पश्चिमेचा रस्ता धरायचा, म्हणजे हैदराबादेत सोडलेल्या वस्तू आमच्या बिदर जिल्ह्यात पडायच्या. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना याचं काही विशेष वाटत नसे. कडब्याच्या गंजीवर घालायला फुग्याचं प्लॅस्टिक छान होतं, आणि छत्रीच्या कापडाची झबली दोन-तीन गावांत तरी मी स्वतः बघितली आहेत. असल्याच एका पेटीत साडूंची जाळी जायची होती. हे फुगे मुंबईच्या ज्या संस्थेचे होते तिथल्या मोठ्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं की या जाळीनं काही नवं सापडलं तर तुम्हाला इकडेच कायमचं घेऊ. हुमनाबादच्या कॉलेजात, जिथे प्रयोगशाळेतल्या दोन तराजूंपैकी एक प्राचार्यांच्या घरी असे, तिथे दिवस काढणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय होता ते मी सांगायला नको. त्यांनी स्वतः मात्र त्याबद्दल एकदाच बोलून दाखवलं. "तिथं ग्रंथालय दिवसभर उघडं असतंय म्हणं," एवढंच.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. फुगा पहाटे सुटणार होता. जाळी पेटीच्या तोंडावर बसवायचं काम साडूंचं. बसवली, आणि एक स्क्रू आवळला जात नाही म्हणून ऐन वेळी पुन्हा काढली. वारा वाढायला लागला, मागून कुणी ओरडायला लागलं, तशी त्यांनी ती घाईघाईनं परत बसवली. फुगा गेला. पेटीतल्या यंत्रानं बघितलेल्या सावल्यांचे आकडे रेडिओवरून खाली येत राहिले. मग संध्याकाळी पेटी बिदरच्या बाजूला कुठेतरी उतरली, आणि कुठे उतरली ते कुणाला कळलं नाही. ज्या यंत्राचं काम गोष्टींचा ठावठिकाणा सांगणं हे होतं त्याचा स्वतःचाच ठावठिकाणा लागेना. जीपगाड्या फिरल्या, पोलीस पाटलांना निरोप गेले. पेटी नाही ती नाहीच.

आकडे मात्र होते. त्यांवर महिनोन्‌महिने हिशेब चालला, आणि शेवटी त्यातून जे निघालं ते साडूंनी मला हुमनाबादच्या हमरस्त्यावरच्या एका ढाब्यात सांगितलं. मागे लॉऱ्या वळत होत्या, त्यामुळे त्यांना ओरडून सांगावं लागलं, आणि ओरडून सांगण्यासारखीच ती गोष्ट होती. जाळी नकाशाप्रमाणे बसली असेल, तर किरण आकाशाच्या अशा एका कोपऱ्यातून आले होते की जिथे आजवर कुणाला काही दिसलं नव्हतं. नवीनच. आणि जाळी पालथी बसली असेल, वरची बाजू खाली, तर हिशेब उलटा लावावा लागत होता आणि मग किरण बरोबर त्याच जागेवरून आले होते जी सगळ्या जगाला आधीपासून पाठ होती.

"दोन्ही उत्तरं सारखीच पुसट हायेत, अण्णा. एकबी ठळक न्हाई."

"मग जाळी कशी बसवलीत ते तुम्हालाच माहीत असणार."

"तेच तर आठवत न्हाई."

मी म्हणालो, सरळ बसवली असं म्हणा, कोण बघायला येतंय. ते माझ्याकडे बघू लागले. सावलीकडे नव्हे, माझ्याकडे. "जाळीच्या एका कोपऱ्याला मी लाल ठिपका दिला हाय," ते म्हणाले. "ठिपका वरच्या अंगाला असला तर सरळ, खालच्या अंगाला असला तर पालथी. पेटी सापडली, की दोन मिनिटांचं काम."

आणि पेटी सापडली. त्यासाठी शास्त्राचा काही उपयोग झाला नाही, नात्याचा झाला. ती ज्या वाडीच्या शिवारात पडली होती तिथे असलं काही पूर्वी पडलं नव्हतं, म्हणून लोकांनी ती बॉम्ब समजून पावसाळाभर कडब्याखाली दडवून ठेवली होती. मग बाजारात कुणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलं की तिकडच्या त्या गावातल्या बाईचा जावई आभाळात पेट्या सोडतो. ज्याची त्याला पोचवावी म्हणून त्यांनी ती बैलगाडीत घातली आणि मामींच्या दारात आणून उतरवली. मामींनी बसच्या कंडक्टरबरोबर हुमनाबादला निरोप धाडला: जावयाची पेटी आली आहे, घेऊन जावी.

साडूंनी तो निरोप आला त्या क्षणी जीप भाड्यानं केली. मला सोबत घेतलं. वाटेत ते एकच वाक्य बोलत होते, "कुणी हात लावला नसला म्हंजे झालं." मन्नाएखेळ्ळी मागे टाकून जीप कच्च्या रस्त्याला लागली.

मामी अंगणात वाटच बघत होत्या. पेटी ओट्यावर ठेवलेली होती आणि तिच्यावर धुतलेलं पांढरं फडकं घातलेलं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचललं. पेटी चकाकत होती. दारी आलेलं भांडं जसं घासायचं तशी ती घासलेली होती. साडूंनी झाकण काढलं. आत शेंगा होत्या. काठोकाठ भुईमुगाच्या शेंगा, आणि त्यांच्या खाली फडक्यात बांधलेली तुरीची डाळ.

"रिकामी कशी द्यायची?" मामी म्हणाल्या. "परक्याचं भांडं रिकामं देत न्हाईत, ही तर जावयाची."

साडूंनी शेंगा बाजूला काढायला सुरुवात केली. मीही हात लावला. शेंगांच्या तळाशी, डाळीच्याही खाली, जाळी होती. म्हणजे जाळीचं ताट होतं, आणि त्यात शिशाचे ठोकळे होते. मोजून सगळे होते, एकही हरवला नव्हता. पण शब्दकोड्याची चौकट नव्हती. मधोमध एक गोल होता, चौकोनी ठोकळ्यांचा होईल तितका गोल, आणि त्याच्यापासून सगळ्या बाजूंना सारखे आठ आरे निघाले होते. मामींनी धम्मचक्र मांडलं होतं.

"पडून पार मोडली व्हती," मामी सांगू लागल्या. "सगळं येडंवाकडं. एक हितं, एक तितं, मधीच भोकं. काय काय निसटून पडलेलं. म्या समदं काढलं, घासलं अन् नीट लावलं. वर कागद चिटकवला व्हता की, चार भाषेत. शेजारच्या मास्तरानं वाचला. सुस्थितीत परत करणाऱ्याचे आभार, असं लिवलं व्हतं. स्थिती तर लई वाईट व्हती. म्हणून आधी स्थिती चांगली केली."

 साडू ताटाचे कोपरे बघत होते. चारही कोपरे आरशासारखे लखलखीत होते.

"लाल ठिपका होता, मामी. एका कोपऱ्याला," ते हळूच म्हणाले.

"व्हता की! काय घट्ट बसला व्हता मेला. चिंच लावली, राख लावली, जाईना. मग इटकरीनं घासला तवा गेला."

त्यांच्या आवाजात अभिमान होता आणि तो योग्यच होता. पुढचं मी विचारलं, "मामी, तो ठिपका वरच्या अंगाला होता का खालच्या?"

"आता धुताना भांडं उलटंपालटं करूनच धुवायलोत का न्हाई आपण? त्यात वर काय अन् खाली काय." मग त्यांनी साडूंच्या तोंडाकडे बघितलं. "कामून ओ जावईबापू? आवडलं न्हाई व्हय?"

मी चाळीस वर्षं माणसांचे बांधावरचे चेहरे बघितले आहेत. जमीन गेली हे ज्या क्षणी कळतं त्या क्षणाचा चेहरा मला ओळखता येतो. तो चेहरा साडूंच्या तोंडावर आला, जरा थांबला, आणि त्यांनी तो घालवला. "लई छान झालंय, मामी," ते म्हणाले. "आमच्याकडं कुणाला इतकं नीट लावता येत न्हाई." मग त्यांनी ओट्यावर मांडी घातली आणि शेंगा फोडून खाऊ लागले. परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "चक्राच्या जाळीनं आकाश बघितलं ना अण्णा, तर एकच तारा आठ ठिकाणी दिसेल."  मी त्यांना शेंगा दिल्या.

पेटी सापडली ही बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि बातमी आमच्याकडे पसरते तेव्हा वाटेत तिला थोडं बाळसं येतं. कॉलेजपर्यंत पोचेतो तिचं ‘आपल्या सरांनी नवा तारा शोधला’ असं झालं होतं. प्राचार्यांनी लगेच सत्कार ठरवला. जिल्ह्यातले एक पुढारी अध्यक्ष म्हणून आले. त्यांनी कानडीत सुरुवात केली, उर्दूत रंगात आले आणि मराठीत घसा बसेपर्यंत बोलले. देशाला पुष्कळ तारे मिळाले आहेत, पण आपल्या तालुक्याच्या वाट्याला आलेला हा पहिलाच, तेव्हा त्याला तालुक्याचं नाव मिळावं म्हणून आपण वरपर्यंत प्रयत्न करू, असं त्यांनी जाहीर केलं. वर म्हणजे कुठपर्यंत, हे साडूंनी विचारलं नाही, याचंच मला नवल वाटलं. पहिल्या रांगेत मामी होत्या. ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून त्या सकाळच्या बसनं आल्या होत्या, आणि शेजारच्या बाईला, पेटी आपणच कशी नीट केली ते सांगत होत्या. मुंबईच्या संस्थेतलेही एक गृहस्थ मुद्दाम आले होते. ते काही बोलत नव्हते, ऐकायला आले होते.

शाल अंगावर पडत असतानाच साडू उठले. माईकपुढे गेले आणि नेहमीप्रमाणे जमिनीकडे बघत उभे राहिले.

"मी तारा शोधला असं म्हणता येत न्हाई," ते म्हणाले. "शोधला न्हाई, असंही म्हणता येत न्हाई. जाळी सरळ बसली असली तर शोधलाय. पालथी बसली असली तर जे सगळ्यांना माहीत हाय तेच मला परत दिसलंय. जाळी मी माझ्या हातानं बसवली. कशी बसवली ते मला आठवत न्हाई. आता ते कळायची काही सोय ऱ्हायलेली न्हाई. ह्यात दुसऱ्या कुणाची चूक न्हाई." आणि ते खाली बसले.

 मग मागच्या बाकावरल्या मुलांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, त्यामागून सगळ्यांनी. अध्यक्षांनी, सरांचा हा विनय तरुणांनी घेण्यासारखा आहे, असं सांगून वेळ मारून नेली. मुंबईच्या गृहस्थांनी चहा घेतला, साडूंचा हात बराच वेळ हातात धरला आणि सोलापूरची गाडी गाठायची म्हणून निघून गेले. त्यांच्याकडून पुढे काही आलं नाही.

मामी मात्र थांबल्या होत्या. साडू हार हातात घेऊन खाली उतरले तशा त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. लाजेनं त्यांचा चेहरा उतरला होता. भरल्या सभेत जावयानं आपलीच अब्रू घालवली, असं त्यांना वाटत होतं. "एवढं शिकून-सवरून," त्या म्हणाल्या, "वरची बाजू कोणती ते ध्यानात ऱ्हाईना व्हय तुमच्या? एखादी खूण तरी करून ठेवायची!"

माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी प्राचार्यांच्या टेबलावरचा तांब्या बघत होतो.

"चुकलंच, मामी," साडू म्हणाले.

"पुढच्या बारीला करा."

"व्हय. करतो."

पुढची बारी आली नाही. साडू हुमनाबादलाच राहिले, एका तराजूवर मुलांना वजनं शिकवत राहिले. त्यांनी आपला निबंध लिहून काढला आणि त्यात तारा दोन ठिकाणी दाखवला. परदेशी मासिकानं तो परत पाठवला आणि दोहोंपैकी एक जागा निवडा असं सुचवलं. त्यांनी निवडली नाही. दुसऱ्या एका मासिकानं तो छापला, तसाच, दोन्ही जागांसकट. दोन-तीन वर्षांनी मामी गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाहेर बसलेलो असताना मी साडूंना विचारलं की आता तरी खरं काय झालं ते लोकांना सांगायला काय हरकत आहे. त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "ठिपका धुतला नसता तरी तो खालच्याच अंगाला निघाला असता, कुणाला ठाव?" त्यांना स्वतःला काय वाटत होतं ते मी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नाही.

ते मला कळलं गेल्या मे महिन्यात. मी रविवारचा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. हल्ली मी पहिल्याच फेरीत बरोबर घरात जातो. जेवण झालं, मला डुलकी लागत होती, आणि हे म्हणाले, "अण्णा, गच्चीवर चला, दाखवतो तुम्हाला." मी विचारलं, काय. "तो," ते म्हणाले. दुपारचा एक वाजून गेला होता. मी म्हणालो, दिवसा? "या महिन्यात तो या वेळेलाच डोक्यावर असतो," ते म्हणाले. "गॅमा किरणांना दिवस अन् रात्र सारखीच."

गच्चीच्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. आम्ही दोघे पाण्याच्या टाकीला टेकून, कपाळावर हात धरून वर बघत उभे राहिलो. आयुष्यात त्यांना सावली सोडून सरळ वर बघताना मी पहिल्यांदा बघत होतो. सूर्याच्या जरा डावीकडे त्यांनी बोट केलं. दोन जागांपैकी जी सगळ्यांना पाठ आहे ती नव्हे, दुसरी. मीही तिकडे बोट केलं. त्यांनी माझं मनगट धरलं, किंचित वर सरकवलं, पुन्हा थोडं खाली आणलं आणि सोडलं. "हां," ते म्हणाले. "हितं."

खालून मेहुणीनं ताकाला हाक मारली तरी आम्ही तसेच उभे होतो, दोन म्हातारे, एकाच जागी बोट करून. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माझ्याही. त्या जागी काहीही नाही, असं आदल्या वर्षी एका परदेशी उपग्रहानं नक्की केलं होतं. बातमी त्यांनीच मला वाचून दाखवली होती.